आराखडा आणि खुरपं यांच्यामधली पायरी

नकाशावर मेडशिंगी असते, वारस असतो, कुंपणाला धायटी आणि निरगुडी असते. प्रत्येकाचं शास्त्रीय नाव, रोपांची संख्या, दोन रोपांतलं अंतर, सगळं व्यवस्थित मांडलेलं असतं. तो कागद ठेकेदाराकडे जातो, ठेकेदार रोपवाटिकेत जातो, आणि रोपवाटिकेत मेडशिंगी नसते. तिथे असतात फॉक्सटेल पाम, ड्युरांटा, अकालिफा आणि टिकोमा. पावसाळा तोंडावर आलेला असतो, बिल अडकलेलं असतं. मिळेल ते लावलं जातं. ज्याने आराखडा काढला तो लागवडीच्या दिवशी जागेवर नसतो. जो खड्डा खणतो त्याला आराखडा वाचता येत नाही, कारण तो कसा वाचायचा हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही.

शाश्वत उद्यानरचनेच्या व्यावसायिक शिक्षणाचा आढावा घ्यायला बसले, तेव्हा हे दृश्य डोळ्यांपुढून हलेना. आपल्याकडे बागेचा विचार करणारी माणसं आहेत आणि बागेत राबणारी माणसंही आहेत. दोन्ही करणारा, म्हणजे उतार मोजणारा, माती ओळखणारा, पाण्याचा हिशोब मांडणारा, साधा आराखडा काढणारा आणि तीच बाग पुढे दोन वर्षं सांभाळणारा माणूस मात्र सापडत नाही. त्याला घडवणारी इयत्ताच आपल्या शिक्षणात धड उभी राहिलेली नाही. बाग टिकते की नाही हे मात्र त्याच्याच हातात असतं.

‘शाश्वत’ हा शब्द माहितीपत्रकांतून फार स्वस्त झाला आहे, म्हणून आधी थोडा हिशोब. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मे महिन्यांत देशावरची हिरवळ दिवसाला पाच मिलिमीटरच्या आसपास पाणी सहज उडवून टाकते. एखाद्या गृहसंकुलात हजार चौरस मीटर लॉन असेल, तर रोज पाच हजार लिटर. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरतात. म्हणजे ही हिरवळ ३७ माणसांचं पाणी पिते, तेही टँकरच्या हंगामात. पुण्यात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते ऑक्टोबर या काळात. उरलेल्या सात महिन्यांचं काय, हा प्रश्न आराखड्याच्या पहिल्या दिवशी विचारला गेला नाही, तर नंतर ठिबक बसवून तो सुटत नाही.

हीच गोष्ट मातीची. नव्या इमारतींच्या बागा बहुतेक पोडियमवर, म्हणजे वाहनतळाच्या स्लॅबवर असतात. ओली माती घनमीटरला १.८ ते २ टन भरते. अर्धा मीटर जाडीचा थर दिला तरी चौरस मीटरला एक टनाच्या जवळपास भार. म्हणून थर पातळ ठेवतात आणि त्या पातळ थरात वड-पिंपळाच्या जातीची झाडं लावतात. आमच्या संकुलात पिंपळाच्या रोपाचं असंच कौतुकाने रोपण झालं. तिसऱ्या वर्षी मुळांनी जलरोधक थर फोडला आणि खाली गाड्यांवर पाणी गळू लागलं. रोप लावणाऱ्याचा त्यात दोष नव्हता. त्याला ‘इथे लाव’ एवढंच सांगितलेलं होतं. आणि बागेसाठी ट्रक भरून येणारी ती लाल माती? ती सह्याद्रीच्या कुठल्यातरी उतारावरून खरवडून आणलेली असते. एक डोंगर बोडका करून केलेल्या बागेला शाश्वत म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आता शिक्षणाच्या पायऱ्या पाहू. वरच्या टोकाला पाच वर्षांचं वास्तुशास्त्र आणि त्यापुढे दोन वर्षांचं लँडस्केप आर्किटेक्चर. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये हे शिक्षण १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आकाराला आलं. पुण्यातही ते मिळतं. ‘आर्किटेक्ट’ या बिरुदाला १९७२च्या कायद्याचं संरक्षण आहे, लँडस्केप आर्किटेक्टसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही. या व्यावसायिकांची ‘इसोला’ ही देशपातळीवरची संघटना २००३ साली स्थापन झाली. या परंपरेतून उत्तम कामं झाली आहेत. मोहम्मद शाहीर यांच्या आराखड्यातून घडलेली आणि २०१८ साली लोकांसाठी खुली झालेली दिल्लीची ९० एकरांची सुंदर नर्सरी ज्याने पाहिली, त्याला वेगळा पुरावा द्यायला नको. पण सात वर्षं शिकून तयार झालेली ही मोजकी माणसं तालुक्याच्या गावातल्या शाळेच्या मैदानापर्यंत किंवा चाळीस घरांच्या सोसायटीपर्यंत पोहोचणार नाहीत. त्यांचा मोबदला त्या शाळेला परवडणारही नाही.

खालच्या टोकाला माळी प्रशिक्षण. कृषी विद्यापीठांच्या छत्राखालचे वर्षभराचे मराठी वर्ग, आयटीआयमधला ‘फ्लोरिकल्चर अँड लँडस्केपिंग’ हा एक वर्षाचा ट्रेड, आणि भारतीय कृषी कौशल्य परिषदेने ‘गार्डनर’ या कामासाठी आखलेले काही आठवड्यांचे अभ्यासक्रम. महापालिकेत माळ्याची जागा निघाली की जाहिरातीत माळी कोर्सचं प्रमाणपत्र मागतात, त्यामुळे या वर्गांना गर्दी असते. तिथे कलमं बांधायला शिकवतात, रोपवाटिका, खतं, छाटणी, हिरवळीची निगा शिकवतात. शिकवणारे बरेचदा जीव तोडून शिकवतात. पण अभ्यासक्रमाने गृहीत धरलेला विद्यार्थी हा सांगितलेलं काम करणारा आहे. बाग कुठे, कशी आणि मुळात का करायची, हा प्रश्न त्याच्यासाठी नाहीच.

मधल्या जागेत काहीच नाही असं मी म्हणणार नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने उद्यानविद्येच्या पदविका मराठीतून आणि नोकरी सांभाळून करता येतील अशा ठेवल्या, हे मोठं काम आहे. पुण्यात प्रकाश गोळे यांनी १९८२ साली स्थापन केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीने परिसंस्था समजून जमिनीचं पुनरुज्जीवन कसं करायचं याचा अभ्यासक्रम बरीच वर्षं चालवला. त्यातून बाहेर पडलेल्या माणसांनी ओसाड तुकड्यांवर प्रत्यक्ष कामं केली. जमिनीला आधी तिचं म्हणणं मांडू द्यावं, मग हात लावावा, ही दृष्टी मराठी मुलखात ज्यांनी रुजवली त्यांत गोळे यांचं नाव पहिल्या काहींत घ्यावं लागेल. पण तो अभ्यासक्रम मुख्यतः पदवीधरांचा. फावडं हातात घेतलेल्या मुलासाठी त्याकडे जाणारी वाट नव्हती.

ही फूट निसर्गनियम नाही, आणि आपल्या जवळच्याच इतिहासात त्याचा दाखला आहे. ड्रेस्डेनजवळ १८६५ साली जन्मलेला गुस्ताव्ह क्रुम्बिगेल पिल्निट्झला बागकाम शिकला, लंडनच्या हाइड पार्कमध्ये आणि पुढे क्यूच्या उद्यानात त्याने काम केलं. १८९३ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात तो दाखल झाला आणि १९०८ साली तिथून म्हैसूर संस्थानाच्या सेवेत बंगळूरला गेला. लालबागेची धुरा त्याने सांभाळली आणि रस्त्यारस्त्यांवर अशी झाडं लावली की एकाचा बहर सरताना दुसऱ्याचा सुरू व्हावा. बंगळूर वर्षभर फुललेलं दिसावं ही ती कल्पना. शहराच्या रचनेबाबतही त्याचा सल्ला घेतला जाई. हा माणूस वास्तुशास्त्रातून आला नव्हता, वाफ्यांतून आला होता. कोणतं झाड कोणत्या आठवड्यात फुलतं हे ज्याला हाताने माहीत होतं, त्यालाच तो आराखडा सुचला. आजही लालबागेत कर्नाटकचं उद्यानविद्या खातं शेतकरी घरांतल्या तरुणांसाठी १० महिन्यांचा बागकाम वर्ग चालवतं. आपल्याकडे एम्प्रेस गार्डनसारखी शतकाहून जुनी उद्यानं आहेत, शहराशहरांत महापालिकांच्या रोपवाटिका आहेत. त्या प्रशिक्षणाच्या कायमच्या शाळा का होऊ नयेत, याला मला तरी पटेल असं उत्तर मिळालेलं नाही.

परदेशातलं उदाहरण एकच देते, कारण ते कोरड्या हवेतलं आहे. मेलबर्नच्या बर्नली उद्यानात १८९१ साली उद्यानविद्येची शाळा निघाली आणि १८९९ पासून तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला. १९१७ साली तिथून शिकून निघालेली एडना वॉलिंग आधी माळीकाम करत होती, मग ऑस्ट्रेलियातली नामांकित उद्यानरचनाकार झाली, आणि पुढे देशी झाडांची कैवारी. १९५२ साली तिने रस्त्याकडेच्या देशी वनस्पतींवर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. आज त्या देशात लँडस्केपच्या बांधकामाचं उमेदवारी पद्धतीचं प्रमाणपत्र घेतलेला कामगार रचनेच्या पदविकेपर्यंत चढू शकतो. १९९७ ते २००९ या काळातल्या दीर्घ अवर्षणाने तिथल्या बागांचा चेहरा बदलला, तेव्हा तो बदल जमिनीवर उतरवायला अशी शिकलेली माणसं हाताशी होती.

कागदावर पाहिलं तर आपल्याकडेही शिडी तयार आहे. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित झाला, त्याच्या सुधारित रूपात आठ स्तर आहेत. ३० तासांच्या अध्ययनाला एक श्रेयांक, आणि ते श्रेयांक साठवून पुढच्या स्तरावर जाता येईल अशी तरतूद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या बी. व्होक. योजनेत पहिल्या वर्षानंतर पदविका, दुसऱ्यानंतर उच्च पदविका, तिसऱ्यानंतर पदवी घेऊन बाहेर पडता येतं, आणि अभ्यासक्रमाचा ६० टक्के भाग कौशल्याचा असतो. माझ्या मते उद्यानरचनेला हाच साचा सर्वांत जवळचा आहे. अडचण साच्याची नाही, आत काय भरायचं याची आहे. उपलब्ध अभ्यासक्रमांत शाश्वतता बहुधा शेवटच्या प्रकरणात भेटते: सेंद्रिय खत, पर्जन्यजलसंधारण, देशी झाडं, संपलं. ती पहिल्या आठवड्यात आणि हातानेच भेटायला हवी.

म्हणजे कशी? पहिला महिना झाडाला हात नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी मिळवायची आणि जागेचा उतार काढायचा. गवंडी हे रोज करतात, माळ्यालाही ते आलं पाहिजे. मग फूटभर खोल खड्डा घेऊन पाण्याने भरायचा, जिरल्यावर पुन्हा भरायचा आणि दुसऱ्यांदा पाणी जिरायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहायचं. काळ्या मातीत ते तासन्‌तास तसंच राहील, मुरमात बघता बघता नाहीसं होईल. मूठभर माती बरणीत पाण्यासोबत हलवून ठेवायची. मिनिटभरात रेती बसते, काही तासांत पोयटा, चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी गढूळ ठेवते. एवढ्यावरून ‘इथे दीड फूट खड्डा पुरेल का’ या प्रश्नाचं उत्तर विद्यार्थी स्वतः देऊ लागतो. मे महिन्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात तीच फुगते आणि फरशा उचलते. पायवाट कुठून न्यायची हे त्यावर ठरतं.

नंतर पाण्याची वही. छप्पर १०० चौरस मीटर, पाऊस ७०० मिलिमीटर, वीस टक्के गळतीत गेले असं धरलं तर ५६ हजार लिटर हाती लागतात. समोर बागेची महिनावार गरज. दोन्ही रकाने शेजारी ठेवले की हिरवळ किती ठेवायची यावर फारसा वाद उरत नाही. सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी बागेला वापरावं हे योग्यच, पण त्यातले क्षार भारी जमिनीत साठत जातात. निचरा नसेल तर चार-पाच वर्षांत पानांच्या कडा करपू लागतात. हे कारण माहीत नसलेला माणूस पानं करपलेली पाहून आणखी पाणी देतो.

झाडांची ओळख हा अभ्यासक्रमाचा सर्वांत मोठा भाग असावा, आणि तो वर्गात होऊ नये. धायटी, निरगुडी, कुडा, करवंद, कोरांटी, वाळा, पळस, पांगारा ही झाडं टेकडीवर जाऊन बाराही महिने पाहिल्याशिवाय कळत नाहीत. त्यातली बरीचशी उन्हाळ्यात पानं टाकतात. गिऱ्हाइकाला झाड मेलं असं वाटतं, आणि ते उपटायला सांगतं. ‘थांबा, हे झोपलंय, वळवाचा एक पाऊस होऊ द्या’, असं खात्रीने सांगणारा माणूस हवा. ही झाडं रोपवाटिकेत मिळत नाहीत ही तक्रार खरी आहे, पण त्याचं कारण मागणी नाही एवढंच नाही. बी केव्हा गोळा करायचं, कुणाचं बी ताजंच पेरावं लागतं, कुणाला भिजवावं लागतं, हे जाणणारे हात कमी झालेत. देशी वनस्पतींची रोपवाटिका हा या पात्रतेचा अर्धा उद्योग होऊ शकतो. श्रीकांत इंगळहळीकरांच्या सह्याद्रीतल्या फुलांवरच्या पुस्तकांनी हजारो भटक्यांना झाडं बघायला शिकवलं. ती नजर या मुलांच्या पदरात पडली, तर त्यातून पोटापाण्याची सोयही होईल.

इथे एक सावधगिरीही सांगायला हवी. देशी म्हणजे चांगलं आणि परदेशी म्हणजे वाईट, असं घोकून घेणं म्हणजे शिक्षण नव्हे. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतला. त्यांच्या सावलीने कित्येक पिढ्यांचे रस्ते गार ठेवले, ते तोडा असं कोण म्हणेल? उलट गुजरातने २०२३ साली कोनोकार्पसच्या लागवडीवर बंदी घातली, कारण शोभेचं म्हणून सरसकट लावलेलं ते झाड त्रासाचं ठरलं. गिरिपुष्प आणि सुबाभूळ टेकड्यांवर लावताना हेतू चांगलाच होता, पण त्या टेकड्यांवरचं गवत आणि खुरटी झुडपं हीच तिथली मूळ संपत्ती आहे हे लक्षात आलं नाही. मियावाकी पद्धतीची दाट जंगलं आज जिथे तिथे उभी राहताहेत. मुंबईच्या पावसात ती एक वेळ शोभतील. देशावरच्या कोरड्या माळावर खोल खणून, खत भरून, दाटीवाटीने झाडं लावणं म्हणजे चांगलं माळरान मोडून त्यावर टँकरने वन पोसणं. कुठे काय लावू नये, हे सांगता येणं ही या पात्रतेतली सर्वांत अवघड परीक्षा आहे.

काम आहे का, हा पालकांचा रास्त प्रश्न. कायद्यांनी ते निर्माण करून ठेवलंय. २०१६च्या घनकचरा नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं, बागेचा पालापाचोळा जाळायलाही मनाई केली. मुंबईसारखी काही क्षेत्रं वगळता राज्यात लागू झालेल्या २०२०च्या एकात्मिक नियमावलीने मोठ्या भूखंडांवर १० टक्के जागा मोकळी ठेवायला लावली. झाडांच्या संरक्षणाचा १९७५चा कायदा २०२१ साली सुधारला गेला, ५० वर्षांवरच्या झाडाला वारसावृक्षाचा दर्जा मिळाला, आणि असं झाड तोडावं लागलंच तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायचं बंधन आलं. ती झाडं कुणी लावायची, जगवायची, मोजायची? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीत झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं. आपल्या शहरांत पदपथाचं काँक्रीट अजूनही बुंध्याला भिडलेलं दिसतं, कारण ते ओतणाऱ्या टोळीत आळं म्हणजे काय हे ठाऊक असलेला एकही माणूस नसतो.

मोबदल्याबाबत मात्र स्थिती वाईट आहे. बागेची देखभाल सुरक्षारक्षक आणि साफसफाईच्या कंत्राटातच उरकली जाते आणि सर्वांत कमी दर माळ्याचा असतो. त्याहून खाली खुरपणीच्या बायका. कागदावर त्या मदतनीस. पण तणाचं रोप दोन पानांवर असताना ओळखणं, कुठे पाणी तुंबतं आणि कुठे वाळवी लागते हे सगळ्यांच्या आधी कळणं, हे ज्ञान त्यांच्याकडेच असतं. पूर्वानुभवाला मान्यता देऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे. तिचा खरा उपयोग या बायकांसाठी व्हावा असं मला फार वाटतं. मात्र ते तीन दिवसांत प्रमाणपत्र वाटण्याचं काम होऊ नये. ज्या बाईला माती कळते तिला आराखडा वाचायला शिकवायला काही महिने पुरतात. ज्याला फक्त आराखडा कळतो त्याला माती कळायला त्याहून पुष्कळ जास्त लागतात.

कचऱ्यावर काय होऊ शकतं हे बघायचं तर विद्यार्थ्यांची पहिली सहल धारावीला काढावी. मिठी नदीच्या काठी, जिथे एके काळी मुंबईचा कचरा पडत होता, तिथे ३७ एकरांवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. १९९४ साली ते लोकांसाठी खुलं झालं. आज तिथे सावली आहे, फुलपाखरं आहेत, पक्षी आहेत. एका दिवसात ते घडलेलं नाही, आणि एका ठेक्यातही नाही. वर्षानुवर्षं पालापाचोळा मातीला परत देत राहिल्याने ते घडलं.

म्हणून या पात्रतेची परीक्षा कशी असावी याबद्दल माझं ठाम मत आहे. अंतिम परीक्षा मार्च महिन्यात, नुकत्याच लावलेल्या टवटवीत रोपांसमोर घेऊ नये. प्रत्येक विद्यार्थ्याला दोनशे-तीनशे चौरस मीटरचा एक खरा तुकडा द्यावा: अंगणवाडीचं आवार, स्मशानभूमीची कडा, ग्रामपंचायतीच्या टाकीखालची ओली जागा. आराखडा त्याचा, रोपं त्याची, पाण्याची वही त्याची. दोन पावसाळे गेल्यावर, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी तीन वाजता परीक्षकांनी तिथे जावं. आधी आच्छादनाखाली हात घालून माती ओली आहे का ते पाहावं, मग वही उघडावी आणि गेल्या महिन्यात किती लिटर पाणी घातलं ते विचारावं. आणि अंगणवाडीच्या ताईंना विचारावं, मुलं दुपारी बाहेर कुठे बसतात.